पडलेल्या छपराखालचं

अभियंता : लालबागमधली एखादी दुमजली चाळ घ्या. सागवानी सांगाडा, वर मंगलोरी कौलांची दोन पाखी. भाडेकरू बाहेर पडले, दारं-खिडक्या जुन्या लाकडाच्या बाजारात गेल्या, एक पावसाळा ती तशीच उभी राहिली आणि मागचं पाखं आत बसलं. माझ्यासाठी त्या ढिगाऱ्यात दोनच गोष्टी असतात, धोका आणि डेब्रिज. आधी धोका हटवायचा, मग डेब्रिज उचलायचं. तुम्ही म्हणता, हा थर आहे. तो कौल-कौल करून उचलावा, कुठलं कौल कुठे आणि कसं पडलं ते कागदावर उतरवावं. इटलीत अडीच हजार वर्षांपूर्वीचं छप्पर पडलेल्या अवस्थेत सापडलं, तर त्यासाठी वर्षं घालवावीत, हे मला मान्य आहे. त्या लोकांची घरं कशी होती हे सांगायला आज कोणी उरलेलं नाही. लालबागची चाळ कशी होती हे सांगायला मात्र हजारो माणसं हयात आहेत. फोटो आहेत, नकाशे आहेत, नाटकं आणि सिनेमे आहेत. मग ढिगाऱ्याला विचारायचं काय?

उत्खनक : आधी इटलीचंच बघू, कारण तिथल्या ढिगाऱ्याने नेमकं काय सांगितलं यावरच तुमच्या प्रश्नाचं उत्तर अवलंबून आहे. ती घरं एट्रुस्कन लोकांची. हे लोक आपल्याला कळतात ते मुख्यतः त्यांच्या थडग्यांमधून. घरांच्या मातीच्या भिंती विरघळल्या, लाकूड कुजलं. राहिली ती भाजलेली कौलं. सिएना शहराजवळ मुर्लो नावाचं गाव आहे, तिथल्या पोज्जो चिविताते या टेकडीवर १९६६ पासून उत्खनन चाललंय. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका मोठ्या कारखान्याला आग लागली आणि छप्पर खाली आलं. त्या दिवशी कारखान्यात नवी, कच्ची कौलं वाळत घातलेली होती. आग लागल्यावर पळणाऱ्यांचे पाय त्या ओलसर मातीवर पडले, आणि त्याच आगीने ती कौलं भाजून काढली. आज त्या कौलांवर पाय उमटलेले दिसतात. ती राजघराण्यातली माणसं नव्हती. कामावर आलेली माणसं होती. कुठल्याही शिलालेखात ती आली नसती.

साहेब, पडलेलं छप्पर त्या क्षणी खाली जे होतं ते सगळं झाकून टाकतं. नंतरचं काही त्यात मिसळत नाही. शिवाय ते कसं पडलं हेही वाचता येतं. जमीन आणि कौलं यांच्यामध्ये गाळाचा पातळ थर असेल, तर घर आधी ओस पडलं आणि छप्पर नंतर कोसळलं. मध्ये राख असेल तर आग. कौलं रांगेने एकावर एक कललेली असतील तर पाखं एका बाजूने घसरत आलं, सगळी विस्कटलेली असतील तर खालचा आधार एकदम गेला. कौलं आहेत पण खिळे आणि लाकूड नाही, म्हणजे पडण्याआधी कोणीतरी उपयोगाचं काढून नेलं. आपल्याकडे नेवासे, तेर, कोल्हापूरची ब्रह्मपुरी इथल्या सातवाहनकालीन थरांतही भोकं पाडलेली कौलं निघतात. लेण्यांमधून त्या काळाचे राजे आणि दानशूर व्यापारी कळतात. पण पावसाळ्यात सामान्य माणसाच्या डोक्यावर काय होतं ते कौलांवरूनच कळतं.

अभियंता : पायांचे ठसे ऐकून मीही गप्प झालो, हे कबूल करतो. पण मुर्लोच्या कौलाला जी साक्ष देता येते ती आमच्या कौलाला देता येणार नाही. एक मंगलोरी कौल उलटं करा. पाठीवर ठसा दिसेल, बासेल मिशन या मिशनरी संस्थेचं नाव आणि १८६५ हा आकडा. बघणारा लगेच म्हणतो, अरे बापरे, दीडशे वर्षांपूर्वीचं कौल! तसं काही नाही. १८६५ हे जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळुरात मिशनचा कारखाना सुरू केला ते साल. पुढची कित्येक वर्षं निघालेल्या मालावर तेच साल उमटत राहिलं. दुसरं म्हणजे कौल एका जागी राहत नाही. परळच्या शेडवरून उतरलेलं कौल दादरच्या चाळीवर चढतं, तिथून उतरलं की अलिबागच्या एखाद्या बंगल्यावर जातं. मी स्वतः चार कारखान्यांचे ठसे एका पाखावर बघितलेत. तुम्ही त्यावरून इमारतीचं वय काढाल आणि फसाल. मुर्लोत निदान कौल त्याच टेकडीवर भाजलं आणि त्याच टेकडीवर पडलं. आमचं कौल फत्तेमारीतून मुंबईला उतरलं, आणि नंतर किती छपरांवर फिरलं याचा हिशेब कोणाकडेच नाही.

उत्खनक : एका कौलावरून वय काढू नये, हे बरोबरच आहे. पण तुम्ही आत्ता जे सांगितलंत, की एका पाखावर चार कारखान्यांचे ठसे, तो तर मला हवा असलेला पुरावा आहे! ते चार ठसे पाखाच्या कुठल्या भागात होते? सगळे मिसळलेले, की एका कोपऱ्यात एकाच जातीचे? पहिल्या महायुद्धात बासेल मिशनची मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली, १९१९ नंतर ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले आणि मालावर नवं नाव आलं. म्हणजे वळचणीपासून आढ्यापर्यंत जुना ठसा आणि मधल्या एका पट्ट्यात नवा, असं दिसलं तर त्या पट्ट्याची दुरुस्ती १९१९ नंतरची. पाखं घसरत आलं असेल तर ढिगाऱ्यातही हा क्रम सापडतो, कारण तेव्हा कौलं रांगेने पडतात. जेसीबीचा एक घास घेतला की तो गेला.

आणि कागदाबद्दल बोलाल तर, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या इमारतींच्या यादीत 'अ' वर्ग म्हणजे काय? १ सप्टेंबर १९४० च्या आधी बांधलेली. १८८० ची असो की १९३८ ची, तो कागद एवढंच सांगतो. हीच तारीख १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानेही प्रमाण भाड्यासाठी धरली होती. भाडं तिथे थिजलं, आणि मालकाला छपरावर पैसे घालण्यात काही हशील राहिलं नाही. त्याच्यानंतरचं सगळं छपरावर वाचता येतं. सगळ्यांत खाली मूळची कौलं. त्यांच्या फटींत डांबर, म्हणजे कोणीतरी स्वस्तात गळती थांबवली. काही जागी कौलं काढून सिमेंटचे पत्रे, कारण तेवढीच कौलं मिळाली नसतील किंवा तेवढेच पैसे जमले असतील. सगळ्यांत वर निळी ताडपत्री, दोरीने बांधलेली, कडेला विटा. कौलं मालकाची, डांबर कदाचित सरकारी दुरुस्ती मंडळाचं, ताडपत्री वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची. मुंबईचा भाडेकरू आणि घरमालक यांच्यातला सत्तर-ऐंशी वर्षांचा झगडा तिथे थराथराने पडलाय. दोन्ही बाजूंची पुस्तकं मी वाचली आहेत. ताडपत्रीखाली डांबर आहे की डांबराखाली ताडपत्री, हे कोणी लिहिलेलं नाही, आणि दुर्लक्ष कोणी आधी केलं हे नेमकं त्यावर ठरतं.

अभियंता : ते मंडळाच्या फायलीत सापडेल. इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळ १९६९ च्या कायद्याने आलं, तेव्हा शहरात उपकराच्या सुमारे १९ हजार ६०० इमारती होत्या. कुठल्या इमारतीवर कधी, किती खर्च झाला त्याच्या नोंदी असतात. आणि माणसं तर आहेतच. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या शंभर माणसांचे बोल २००४ मध्ये पुस्तकात आणले. जिवंत माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं बाजूला ठेवून कौल उलटायचं हे मला त्या माणसाचा अपमान केल्यासारखं वाटतं.

आता त्याहून महत्त्वाचं. तुम्ही 'पडलेलं छप्पर' म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर एक शांत, मोकळी जागा असते. माझ्या डोळ्यांसमोर ३१ ऑगस्ट २०१७ ची सकाळ येते, भेंडी बाजारजवळची हुसैनी इमारत. तीसहून जास्त माणसं गेली. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारत. त्या ढिगाऱ्यांवर अग्निशमन दलाचे जवान हातांनी दगड उचलत होते, एकमेकांना गप्प राहायला सांगून आतून आवाज येतो का ते ऐकत होते. मुंबईत ढिगारा उपसणं याचा पहिला अर्थ तो आहे. तुमचं शास्त्र ज्याला 'सीलबंद क्षण' म्हणतं, तो आमच्याकडे कोणाचा तरी शेवटचा क्षण असतो. त्याच्यावर नकाशाची चौकट टाकायची कल्पनाही मला सहन होत नाही.

उत्खनक : मलाही होत नाही. जिथे माणूस अडकलाय तिथे पुरातत्त्वाचं काही काम नाही, आणि याबद्दल मी कोणाशी वाद घालणार नाही. मी बोलतेय ती रिकाम्या झालेल्या, पडलेल्या किंवा पाडायला दिलेल्या इमारतींबद्दल. अशा इमारती थोड्या नाहीत. गिरगाव-काळबादेवीत मेट्रो तीनसाठी जुन्या इमारती गेल्या, खोताच्या वाडीतली उतरत्या कौलांची घरं एकामागून एक गेली. गिरण्यांच्या शेडचं तर विचारूच नका. करवतीच्या दातांसारखं ते छप्पर, उभ्या बाजूला उत्तरेकडे काच आणि उताराला कौलं. सुतावर थेट ऊन पडू नये पण दिवसभर सारखा उजेड मिळावा म्हणून केलेलं. एवढा विचार करून बांधलेलं छप्पर उतरवताना तो विचार कुठे कुठे बदलत गेला, काच कधी पत्र्याने बुजवली, हे टिपून ठेवलेल्या किती गिरण्या तुम्हाला सांगता येतील?

जिवंत माणसाच्या साक्षीबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. शंभर माणसांचं ते काम नसतं तर गिरणगाव केवळ मालक आणि पुढारी यांच्या कागदांत उरलं असतं. पण आठवण ही सांगणाऱ्याला जे सांगावंसं वाटतं त्याची असते, आणि तसंच असायला हवं. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं राहत होती हे तो सांगेल. वासा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत कागदाचे बोळे कोंबलेले होते, रॉकेलच्या स्टोव्हची काजळी कौलांच्या पोटाला फक्त एका कोपऱ्यात, तीन हात लांबीत साचली होती, हे त्याच्या लक्षात राहणार नाही. त्या काजळीवरून चूल कुठे होती ते कळतं, मग झोपायला किती जागा उरत होती ते कळतं. अशाने माणसाची साक्ष खोटी पडत नाही. त्याने आठ माणसं म्हटलं होतं, ती आठ माणसं कुठे मावली ते काजळी दाखवते.

अभियंता : ठीक आहे. पण मग तुम्ही कौलांवर थांबणार नाही. कौलांखाली माळा असतो. चाळीतला माळा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. गणपतीची आरास, गावचं सामान, पत्र्याची ट्रंक. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी संपलाच नाही. त्या वर्षांत घरांत काय काय झालं हे बाहेर सांगितलेलं नसतं. सोनं गहाण टाकल्याच्या पावत्या, सावकाराच्या चिठ्ठ्या, मुलाची शाळा सुटल्याचा दाखला. हे सगळं ट्रंकेत असतं, आणि कुटुंब घाईत बाहेर पडलं की ट्रंक माळ्यावर राहते. छप्पर त्या ट्रंकेवर पडतं. तुम्ही थर उचलत उचलत तिथे पोहोचता. आता ती कोणाची? मुर्लोच्या कारखान्यातल्या माणसाचे पाय तुम्ही जगाला दाखवले. 'माझं पळणं दाखवू नका' असं म्हणायला तो उरला नाही. लालबागचा माणूस विरारला राहतो, संक्रमण शिबिरात राहतो. तो उरलाय, आणि त्याला कदाचित ती चिठ्ठी जळालेलीच बरी वाटेल.

उत्खनक : याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. कायद्याचं उत्तर आहे, पण ते पुरत नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला पुरावस्तू म्हणतो, आणि इमारतीपासून सुटी झालेली वस्तू त्याच्या व्याख्येत स्पष्ट धरलेली आहे. म्हणजे १९०० साली चढवलेलं आणि गेल्या पावसाळ्यात पडलेलं कौल अक्षरशः वाचलं तर त्यात बसतं. पण त्याच कौलाखालची १९८२ ची चिठ्ठी बसत नाही. कायद्याच्या लेखी छप्पर इतिहास आहे आणि त्याच्याखालचं आयुष्य नाही. उत्खननाच्या लेखी हे दोन्ही एकाच क्षणाचे.

मला एवढं वाटतं की ट्रंक उघडायची की नाही हे त्या कुटुंबाने ठरवावं. पण ट्रंक होती, ती माळ्याच्या कुठल्या बाजूला होती, आणि ती राहून गेली, एवढं तरी नोंदवलं गेलं पाहिजे. माणसं घाईत गेली की सावकाश, हे राहिलेल्या वस्तूंवरून कळतं. पुनर्विकास म्हणजे सगळ्यांनी आनंदाने खोल्या सोडल्या असं जेव्हा कोणी पन्नास वर्षांनी लिहील, तेव्हा त्याला थांबवणारा पुरावा कुठे असेल?

अभियंता : आणि सगळ्यांना हुसकावून लावलं असं कोणी लिहील, त्यालाही थांबवायला हवं. मी अशी कुटुंबं बघितली आहेत ज्यांनी किल्ली देताना मागे वळूनही पाहिलं नाही. सार्वजनिक संडासाच्या रांगेत आयुष्य गेलेल्या बाईला त्या कौलांबद्दल काही जिव्हाळा नसतो आणि असायचं कारणही नाही.

पण तुमच्या बोलण्यात एक गोष्ट माझी आहे, ती आता मी मागून घेतो. तुम्ही पडलेल्या छपराची वाट बघता. आम्ही न पडलेलं छप्पर उतरवतो. नीट पाडकाम करणारा मुकादम काय करतो? आधी आढ्यावरची कौलं, मग पाखावरची, वरून खाली. मग रिपा, मग वासे, मग कैच्या, मग भिंती. बांधताना शेवटी जे चढलं ते आधी उतरतं. तुमच्या शास्त्राचा नियमही हाच ना, सगळ्यांत नवा थर सगळ्यांत आधी? मुंबईत रोज कुठे ना कुठे हे उत्खनन चाललेलं असतं, फक्त लिहून घेणारा कोणी नसतो. पंधरा ब्रासचं पाखं धरा. ब्रासला दीडशेच्या हिशेबाने सव्वादोन हजार कौलं, म्हणजे पाच टन वजन. ते माणसांच्या हातांतून एकेक करून खाली येतं. कौल धड असेल तर विकलं जातं, म्हणून ते जपूनच काढतात. तुम्हाला जी सावकाशी हवी आहे ती तिथे आहे.

उत्खनक : तिथे सावकाशी आहे, हे मी कधी बघितलं नव्हतं. तरीही उतरवलेलं छप्पर आणि पडलेलं छप्पर एकच गोष्ट सांगत नाही. उतरवताना छप्पर कसं बांधलं होतं ते कळेल. ते कोणत्या क्षणी, कोणत्या बाजूने, कशामुळे हरलं हे फक्त पडलेलं छप्पर सांगतं. आणि मुंबईच्या बाबतीत मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. पन्हळ तुंबली म्हणून वासा कुजला, की खालच्या मजल्यावर कोणी भिंत काढली म्हणून सांगाडा झुकला, की रिकाम्या घरातलं लाकूड कोणी आधीच काढून नेलं? हा प्रश्न जुन्या काळाच्या कुतूहलाचा नाही. शेजारच्या चाळीत अजून माणसं राहतात.

मुर्लोचीच पुढची गोष्ट सांगते. आगीनंतर तिथे नवी, आणखी मोठी इमारत उभी राहिली, एकेक बाजू साठ मीटरची, आढ्यावर मातीचे पुतळे बसवलेली. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या मध्यावर लोकांनी ती मुद्दाम पाडली, पुतळे फोडून पुरले, जागा सोडून दिली. का पाडली, यावर अभ्यासक पन्नास वर्षं वाद घालताहेत, कारण पाडणाऱ्यांनी काही लिहून ठेवलं नाही. तुम्ही पाडणारे आहात, साहेब. तुमच्या जागी मी असते तर लिहून ठेवलं असतं.

अभियंता : लिहायला माझी ना नाही. पण कोणाच्या वेळात, हा प्रश्न सुटत नाही. मुर्लोच्या टेकडीवर कोणी खोलीची वाट बघत नव्हतं. इथे तुम्ही मागितलेला प्रत्येक दिवस संक्रमण शिबिरातल्या कोणाच्या तरी दिवसांतून जातो. पाडकाम जूनच्या आधी उरकावं लागतं, उघडा सांगाडा पावसात ठेवता येत नाही. आणि कारणाचा शोध लागला तर तो कोणावर तरी शेकतो, मालकावर, मंडळावर, ठेकेदारावर, कधी माझ्यावर. म्हणून ढिगारा लवकर हलावा असं वाटणारे फक्त घाईतले लोक नसतात.

उत्खनक : हे तुम्ही बोललात ते बरं झालं. म्हणजे ढिगारा पुरेसा जुना आहे का, या प्रश्नावर आपण उगाच वेळ घालवला.

अभियंता : घालवला खरा. माझ्यापुरतं सांगतो. पुढच्या कामावर तुमचा एक माणूस येऊ दे. पाखावर चढण्याआधी पूर्ण छपराचा फोटो, उतरवताना प्रत्येक रांगेतल्या कौलांचे ठसे, काजळी आणि डांबर कुठे आहे त्याची खूण. याला माझी हरकत नाही. पडलेल्या पाखाला हात लावण्याआधी अर्धा दिवस देईन, शेजारची भिंत सुरक्षित असेल तर. ट्रंकेला हात लावायचा नाही.

उत्खनक : अर्ध्या दिवसात पडलेलं पाखं वाचता येत नाही. कडेकडेने थोडं कळेल, मधलं जाईल.

अभियंता : मधलं जाईल. आणि तुमच्या माणसाची मजुरी कोण देणार? कौल उतरवायचा दर माझ्या अंदाजपत्रकात आहे, डेब्रिज वाहून नेण्याचा आहे. कौल उलटून बघण्यासाठी आजवरच्या माझ्या एकाही अंदाजपत्रकात ओळ नाही.